इंजिनातली मलइयो

काशीत मंगला गौरीच्या गल्लीत राहून गाडी बाळगणं म्हणजे हत्ती पाळण्यासारखं आहे. हत्ती आपला, पण तो दारात मावत नाही, म्हणून लांब मैदागिनच्या बाजूला एका स्टँडवर बांधून ठेवायचा आणि रोज चालत जाऊन त्याची विचारपूस करायची. आमच्या सुनीतीबाईंची लाल डिझेल गाडी अशीच स्टँडवर राहायची. घरापासून गाडीपर्यंत चालायला जेवढा वेळ लागे तेवढ्या वेळात ई-रिक्शाने माणूस गावाच्या दुसऱ्या टोकाच्या लंका मोहल्ल्यात पोचतो, असं त्यांचे यजमान नीलकंठराव दर खेपेला सांगत. सुनीतीबाई दर खेपेला म्हणत, "मग जा रिक्शाने." आणि दर खेपेला नीलकंठराव गाडीतच बसत.

ही गाडी आधी नीलकंठरावच चालवायचे. बँकेत असताना पुष्कळ वर्षं चालवली. मग एके दिवशी विश्वेश्वरगंजात एक सांड गाडीसमोर येऊन बसला. नीलकंठरावांनी हॉर्न वाजवला, हात जोडले, केळं दाखवलं. सांड हलला नाही. शेवटी ते किल्ली गाडीतच ठेवून खाली उतरले आणि पायी घरी आले. सांड नंतर उठला म्हणतात. नीलकंठराव मात्र पुन्हा स्टिअरिंगवर बसले नाहीत. पुढच्याच महिन्यात सुनीतीबाईंनी ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. साठी उलटलेली बाई, नऊवारी नाही पण कडक सुती पाचवारी, पायात कॅनव्हासचे बूट. क्लासवाला म्हणाला, "माताजी, आप पीछे बैठिए, सीखेगा कौन?"

"हम," सुनीतीबाई म्हणाल्या.

शिकल्या, आणि चांगल्या शिकल्या. दर रविवारी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पुसून बघायची, पाण्याची पातळी बघायची, टायर लाथेने तपासायचे, हे सगळं त्या मंगळागौरीच्या पूजेसारखं नेमाने करत. नीलकंठराव शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसत आणि नसलेला ब्रेक पायाने दाबत. याशिवाय त्यांनी एक बंदोबस्त केला होता. बाहेरगावी जायचं असलं की आदल्या दिवशी ते काळभैरवाला जाऊन काळा गंडा आणत आणि गाडीला बांधत. बायकोच्या ड्रायव्हिंगपासून गाडीचं, आणि गाडीत बसलेल्या स्वतःचं, रक्षण व्हावं म्हणून. आधी आरशाला बांधायचे. माकडांनी ओढून नेले. मग पुढच्या जाळीला बांधले. तेही माकडांनी नेले.

"आता कुठे बांधता?" सुनीतीबाईंनी एकदा विचारलं होतं.

"माकडांना सापडणार नाही अशा ठिकाणी," नीलकंठराव म्हणाले. सुनीतीबाईंनी पुढे विचारलं नाही. नवऱ्याच्या भक्तीची किती चौकशी करायची, याला मर्यादा असते.

मुलगा ऋतुराज पुण्याला. त्याला ही गाडी डोळ्यांत खुपायची. "आई, पुन्हा एकदा जरी ती रस्त्यात बंद पडली ना, की विकायची. शब्द दे." सुनीतीबाईंनी शब्द दिला नाही. तो नीलकंठरावांनी त्यांच्या वतीने देऊन टाकला. बँकेत राहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वतीने सही करायची सवय असते.

माघात नीलकंठरावांची बहीण संपदा सांगलीहून काशीयात्रेला आली. संपदावन्सं मोठ्या उत्साही. काशी झाली, आता प्रयाग. सुनीतीबाई स्वतः गाडी घेऊन गेल्या, संगमावर सगळं यथासांग झालं. निघताना नीलकंठरावांनी त्रिवेणीच्या पाण्याचा एक मोठा प्लास्टिकचा कॅन भरून घेतला, गल्लीतल्या सगळ्यांनी मागितलं होतं म्हणून.

येताना मोहनसरायच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली. गाडी गोगलगाईसारखी सरकायला लागली, आणि तापमानाचा काटा मात्र घोड्यासारखा उधळला. लाल रेघ गाठली. बॉनेटच्या फटींतून वाफ यायला लागली. सुनीतीबाईंनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

"कुणी हात लावू नका," त्या म्हणाल्या. "निवू दे. तासभर तरी निवू दे."

"तासभर?" नीलकंठराव म्हणाले. "संपदाचा उपास आहे."

"दादा, माझं काही नाही हो," वन्सं म्हणाल्या, आणि लगेच पोटावर हात ठेवला.

सुनीतीबाई रस्त्यापलीकडे चहावाल्याकडे साधं पाणी विचारायला गेल्या. परत येतात तो नीलकंठरावांनी वन्संची शाल हाताला गुंडाळून झाकण उघडलेलं, वाफेचा फवारा उडून गेलेला आणि त्रिवेणीचा कॅन रेडिएटरच्या तोंडाला लावलेला. गडगड गडगड पाणी आत चाललं होतं.

"अहो! गार पाणी ओतू नका!"

"हे गार पाणी नाही. हे तीर्थ आहे."

आतून कुठूनतरी 'टण्ण' असा आवाज आला. तापलेल्या तव्यावर पाणी पडल्यावर येतो तसा, पण जास्त महागातला. नीलकंठराव म्हणाले, "बघ, ऐकलंस? बसलं जागेवर."

थांबत थांबत, निववत निववत गाडी कशीबशी स्टँडवर आली. पण गल्लीत गाडीच्या आधी बातमी पोचली, आणि ती नीलकंठरावांच्या तोंडून पोचली: "सुनीतीने गाडी पेटवली, त्रिवेणीने विझवली."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीतीबाई स्टँडवर गेल्या. पाठोपाठ घरचे, आणि घरच्यांपाठोपाठ गल्ली. त्यांनी ऑइलचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं केलं. झाकणाच्या आत पिवळसर पांढरा, हलका, फुगलेला फेस जमला होता.

मग दिनानाथ गुरुजी म्हणाले, "ही तर मलइयो."

दिनानाथ गुरुजी म्हणजे पंचगंगा घाटावर मराठी यात्रेकरूंची कृत्यं चालवणारे शेजारी. घराणं कोकणातलं, जन्म काशीतला, आणि थंडीत सकाळी चौकात जाऊन मलइयो खाल्ल्याशिवाय त्यांची संध्या पुरी होत नसे. त्यामुळे दुधाचा फेस ओळखण्यात त्यांची चूक झाली असं म्हणता येणार नाही. तो खरंच तसाच दिसत होता. केशर आणि पिस्ते तेवढे नव्हते.

"थंडीत झाकणाखाली नुसत्या दमटपणानेसुद्धा साय धरते," सुनीतीबाई म्हणाल्या. "क्लासमध्ये सांगितलं होतं. नुसतं झाकण बघून काही ठरवायचं नाही." त्यांनी पट्टी ओढून काढली. पट्टीवर काळं ऑइल नव्हतं. दुधाळ कॉफी होती. मग रेडिएटरची पाण्याची बाटली बघितली. काल भरली होती, आज तळाला.

"म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलंय," त्या म्हणाल्या. "कुठून गेलंय ते बघायचं."

"बघायचंय काय त्यात!" विश्वजीतराव पुढे आले. मफलर, टोपी, हात मागे. हे समोरच्या घरातले. सगळी नोकरी रेल्वेच्या इंजिन कारखान्यात काढली, हजेरीच्या खिडकीत बसून. इंजिनाचा माणूस म्हणून त्यांचा गल्लीत मान होता, आणि कारखान्यात कोण किती वाजता आलं याखेरीज त्यांना काही माहीत नाही हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "हेड गॅस्केट गेली, पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी. इंजिन खोलावं लागणार. आणि वहिनी, खरं सांगू का? लेडीज ड्राइविंग. क्लच दाबून दाबून गाडी तापते."

"क्लचचा आणि पाण्याचा काय संबंध, विश्वजीतराव?"

"सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, वहिनी. इंजिन आहे ते."

गुरुजींनी दुसरी बाजू लावून धरली. "गंगाजल सालोंसाल बाटलीत ठेवा, नासत नाही. जे स्वतः नासत नाही ते इंजिनाला कसं नासवेल? उलट आतून शुद्ध झालं असेल."

संध्याकाळी ऋतुराजचा व्हिडिओ कॉल आला. वडिलांनी आधीच सगळं कळवलं होतं. हा मुलगा एरवी मराठी बोलतो, पण चिडला की लहानपणाच्या गल्लीची हिंदी तोंडात येते. "मम्मी, बस! हो गया. मी शनिवारी येतोय. जुन्या गाड्या घेणारा एक जण आहे, तो येऊन बघेल. फक्त गाडी आहे तशी राहू दे. खोलू नका. खुली गाडी कोई नहीं लेता."

"मी विकतेय कुठे?"

"बाबांनी शब्द दिलाय."

"मग बाबांना विक," सुनीतीबाई म्हणाल्या आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला.

रात्री त्या जेवल्या नाहीत. राग होता असं नाही. गाडी गेली तर काय उरतं, हे त्या मनात बघत होत्या. मंडई रिक्शाने होईल, दवाखाना रिक्शाने होईल. पण सारनाथला सकाळी उगाच जाऊन येणं, कस्तुरी मावशीला तिच्या मुलाने आणायची वाट न बघता आपणच जाऊन घेऊन येणं, "येते हं" म्हणून किल्ली उचलणं, हे कुठल्या रिक्शात बसणार? सगळं आयुष्य त्या कुणाच्यातरी मागच्या सीटवर बसल्या होत्या. पुढची सीट मिळून काही फार वर्षं झाली नव्हती.

गाडी ओढून लहरताऱ्याकडे लल्लन मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेली. लल्लनने झाकण काढलं, आत बघितलं, पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "गॅस्केट. खोलना पड़ेगा, माताजी."

"आधी दाखवा, मग खोला."

"देख तो लिया."

"आपने देखा. मैंने नहीं देखा." आणि त्यांनी एक स्टूल ओढून इंजिनासमोर ठाण मांडलं. लल्लनला त्या दिवशी आणखी दोन गाड्या करायच्या होत्या. पण साडीत, बूट घालून, पर्स मांडीवर ठेवून समोर बसलेल्या बाईच्या देखत दुसऱ्या गाडीला हात लावणं त्याला जमेना.

"आधी ऑइल काढा," सुनीतीबाई म्हणाल्या. "रात्रभर गाडी उभी होती. पाणी जड, ते तळाला बसलं असेल. बोल्ट हळूच सैल करा, आधी काय येतं ते बघू."

लल्लनने खाली जाऊन बोल्ट सैल केला. आधी गढूळ, हिरवट झाक असलेलं पाणी आलं. बराच वेळ आलं. मग कॉफी. सुनीतीबाई म्हणाल्या, "बघा. ही थंडीची साय नव्हे."

एवढ्यात गुरुजींनी, जे आधार द्यायला म्हणून बरोबर आले होते, दोन्ही हात जोडले. "त्रिवेणी आहे ती! लल्लन, हे नालीत टाकायचं नाही हं."

लल्लनचा हात थांबला. तो बनारसचा माणूस. इतर दिवशी त्याने हे जुनं ऑइल कुठे टाकलं असतं हे आपण विचारू नये. पण आज त्याच्या अंगावर काटा आला. "गंगा मइया को नाली में? ना भइया." त्याने सगळं मिश्रण एका कॅनमध्ये भरलं आणि तो कॅन सुनीतीबाईंच्या पायाशी आणून ठेवला. "आप ही ले जाइए."

गाडीच्या डिकीत पडलेला तो कॅन नेमका त्रिवेणीचाच होता. पाणी ज्यातून गेलं त्यातच परत आलं, अंगावर कॉफीचा रंग घेऊन.

सुनीतीबाई तो घेऊन कचऱ्याच्या सरकारी कचेरीत गेल्या. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "यह है क्या? तेल या जल?"

"दोनों."

"तेल है तो गंगाजी में नहीं जाएगा. सख़्त मनाही है."

"मी कुठे टाकतेय? विचारायला आलेय."

"और जल है तो कचरे में कैसे लें? आस्था का मामला है." ते बराच वेळ विचारात पडले. शेजारच्या खिडकीला विचारून आले. शेजारच्या खिडकीने कॅनला नमस्कार केला आणि जेवायला गेली. शेवटी त्यांनी फार प्रेमाने सुचवलं, "माताजी, अभी घर पर रखिए."

तेव्हा कॅन घरी आला. सुनीतीबाईंनी तो नीलकंठरावांच्या पलंगाखाली सरकवला. "ओतलंत तुम्ही. सांभाळायचं तुम्ही."

दुसऱ्या दिवशी नीलकंठराव, वन्सं आणि विश्वजीतरावही गॅरेजवर आले. त्यांच्यासमोर लल्लनने, आता जरा गुमानच, रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून दाब भरला. बाहेर कुठे थेंब नाही, आणि दाब मात्र उतरत चालला. मग एकेका सिलिंडरचा दाब मोजला. दोन ठीक. मधले दोन, एकमेकांना चिकटून असलेले, दोन्ही पडलेले. त्याने नळीवरचा काटा सुनीतीबाईंसमोर धरला. सुनीतीबाईंनी चष्मा वर करून पाहिला, पुन्हा मोजायला लावला, पुन्हा पाहिला.

"दोघांच्या मधली पट्टी जळलीय. गॅस्केट," त्या म्हणाल्या.

विश्वजीतराव इतके आनंदले की त्यांनी मफलर सोडला. "मी म्हणालो होतो! न बघता म्हणालो होतो!"

"तेच तर," सुनीतीबाई म्हणाल्या. "आता सांगा, का गेली?"

"तापली म्हणून."

"का तापली?"

विश्वजीतरावांनी नीलकंठरावांकडे बघितलं, नीलकंठरावांनी वन्संकडे, वन्संनी सुनीतीबाईंच्या पायातल्या बुटांकडे. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं, तोंडावर म्हणायचं एवढंच बाकी होतं. ते काम नीलकंठरावांनी अंगावर घेतलं. "अगं, आता झालं ते झालं. तुझं वय—"

"गाडी मोकळ्या रस्त्यावर तापली नाही. रांगेत उभी असताना तापली," सुनीतीबाई लल्लनकडे वळल्या. "उभ्या गाडीला गार कोण ठेवतं? पंखा. पंखा लावून दाखवा."

लल्लनने पंख्याच्या तारा थेट बॅटरीला जोडल्या. पंखा घुं घुं करू लागला, पण पातं जागचं हललं नाही. त्याने तारा काढल्या, हात आत घातला, चाचपलं, आणि ओढलं. काहीतरी काळं, लांबलचक, गुंडाळलेलं बाहेर येऊ लागलं. येतच राहिलं. मुंडावळ्यांसारखं लोंबत, कुठे गाठ, कुठे लहानसा मणी. पंख्याच्या दांड्याला ते इतके वेढे घेऊन बसलं होतं की लल्लनला शेवटी कात्री आणावी लागली.

"ये क्या है?" लल्लन म्हणाला. आणि मग, बनारसचाच असल्यामुळे, त्याने ते कपाळाला लावलं. "ये तो भैरव बाबा का गंडा है. एक नहीं, पूरी दुकान है."

संपदावन्संना राहवलं नाही. "दादा, हे तर तू... निघायच्या आदल्या दिवशीसुद्धा... बॉनेट उघडून..."

नीलकंठराव छताकडे बघत होते. "आत एक छान काळी जाळी होती," ते म्हणाले. "माकडांना सापडणार नाही अशी."

त्या गंड्यांचा गोळा पर्समध्ये ठेवून सुनीतीबाईंनी खटका लावला. बोलण्यापेक्षा तो खटका जास्त ऐकू गेला.

"चला," विश्वजीतराव म्हणाले, "कारण कळलं, पण आता उपयोग काय? उद्या तो गाडी घेणारा येतोय. लल्लन, जसं होतं तसं लावून ठेव. खोललेली गाडी कोण घेणार?"

सुनीतीबाई स्टुलावरून उठल्या. गेले दोन दिवस त्या ज्या गोष्टीला नाही म्हणत होत्या तीच गोष्ट त्यांनी केली.

"लल्लन, खोलो."

लल्लनने पान थुंकलं. "अभी? माताजी, एक बार खोल दिया तो फिर..."

"म्हणूनच. सगळं खोला. एक नट जागेवर ठेवू नका."

शनिवारी ऋतुराज विमानतळावरून थेट गॅरेजवर आला, बरोबर तो घेणारा. गाडी होती, पण इंजिन परातींमध्ये होतं. झडपा एका परातीत, नट दुसऱ्या परातीत, आणि हेड म्हणजे इंजिनाचं डोकं तर सपाट घासून आणायला दुसरीकडे गेलं होतं. घेणाऱ्याने बॉनेटमध्ये वाकून बघितलं. तिथून त्याला थेट जमीन दिसली. "भाई साहब," तो ऋतुराजला म्हणाला, "आपने गाड़ी बोली थी. ये तो बर्तन की दुकान है." आणि तो निघून गेला.

"मम्मी, ये क्या किया आपने!"

सुनीतीबाईंनी पर्स उघडली. एका हातात जुनी गॅस्केट घेतली, दोन भोकांच्या मधली पट्टी जळून काळी पडलेली, आणि दुसऱ्या हातात गंड्यांचा गोळा. दोन्ही त्याच्या हातात ठेवले. "यात माझं चालवणं कुठे चुकलं ते दाखव. दाखवलंस तर किल्ली तुझी."

ऋतुराजने गॅस्केट बघितली. गोळा बघितला. मग हळूच वडिलांकडे बघितलं. नीलकंठराव परातीतला एक नट उचलून फार शास्त्रीय दृष्टीने निरखत होते.

"बाबा," तो म्हणाला, "आप भी ना." आणि मग मराठीत, म्हणजे राग उतरल्यावर, "आई, नवीन गॅस्केट आणायची असेल तर मी जाऊन येतो."

"आणली. तू बस. चहा घे."

ऋतुराज सुट्टी वाढवून राहिला. गाडी जुळली तेव्हा पहिली फेरी ठरली: संपदावन्संना स्टेशनवर सोडायचं आणि तिथून तो कॅन लल्लनने शोधून दिलेल्या एका जुनं तेल गोळा करणाऱ्याकडे पोचवायचा. गुरुजींनी मंजुरी दिली, कॅनला फूल वाहून. गाडीत ऋतुराज पुढे बसला. मागे वन्सं, आणि त्यांच्या शेजारी नीलकंठराव, मांडीवर कॅन. कॅनचं झाकण सैल होतं, त्यामुळे दोन्ही हातांनी तो धरून बसावं लागत होतं. वळायचं कुठे, थांबायचं कुठे, हे हाताने दाखवायची त्यांची सोय राहिली नव्हती. काळभैरवाचा एक नवा गंडा या खेपेलाही आणला होता. तो सुनीतीबाईंनी स्वतः त्यांच्या मनगटाला बांधला होता, दोन गाठी देऊन.

विश्वेश्वरगंजात, अगदी त्याच जागी, एक सांड पुढे आला, उभा राहिला, विचार केला आणि बसला. मागून हॉर्न सुरू झाले.

"उतरून जाऊया का?" मागून नीलकंठराव म्हणाले.

"वहिनी, माझी गाडी चुकेल," वन्सं म्हणाल्या.

सुनीतीबाईंनी हॉर्नला हात लावला नाही. काच खाली केली, कोपर बाहेर टेकलं. इंजिन चालू होतं, पुढे पंखा भुर्र करून फिरायला लागल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने आपोआप थांबला. ऋतुराज पुढे वाकून बघत होता. "आई, काटा जरा..."

"काटा तू बघ," सुनीतीबाई म्हणाल्या. "सांडाचं मी बघते."